साताऱ्यातून रस्टच्या समुदायात जाताना

कराडचं शासकीय अभियांत्रिकी, सांगलीचं वालचंद, साखराळ्याचं आरआयटी किंवा साताऱ्यातलं कुठलंही महाविद्यालय घ्या, तिसऱ्या वर्षात गेलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो: कुठली लँग्वेज शिकू? त्याला यूट्यूबवर ढिगानं उत्तरं आहेत, त्यात भर घालत नाही. हा लेख पुढच्या टप्प्यावरच्यांसाठी आहे. लँग्वेज निवडून झाली, पुस्तकातली निम्मी प्रकरणं संपली, स्वतःचे दोन-चार छोटे प्रोग्रॅम चालायला लागले. आता ती लँग्वेज जे लोक घडवतात त्यांच्यात जाऊन काम कसं करायचं? पुण्यात खोली न घेता, बंगळुरू न गाठता हे जमतं का?

जमतं. पण तिथं काय मुबलक आहे आणि कशाची टंचाई आहे, हे आधी लक्षात घ्या. कोड मुबलक आहे. कल्पना, सूचना आणि मतं तर लागतील तेवढी मिळतात. टंचाई आहे ती दुसऱ्यानं लिहिलेला कोड शांतपणे वाचून, तपासून, उत्तर देणाऱ्या माणसाच्या वेळेची. पुढं जे सांगणार आहे ते बहुतेक सगळं या एका गोष्टीतून निघतं.

उदाहरणासाठी रस्ट घेतो, कारण तिचा कारभार बराचसा उघड्यावर चालतो आणि जुन्या चर्चा कुणालाही वाचता येतात. ग्रेडन होअर मोझिलात काम करत होते तेव्हा, 2006 मध्ये, त्यांनी ही लँग्वेज स्वतःच्या हौसेनं सुरू केली. व्हँकूवरमध्ये त्यांच्या इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअर कोसळल्यामुळं बंद पडली होती आणि त्यांना एकविसाव्या मजल्यापर्यंत जिने चढावे लागले. सी आणि सी++ मध्ये मेमरी हाताळताना होणाऱ्या चुका बऱ्याचदा अशा बिघाडांच्या मुळाशी असतात. आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे 70 टक्के याच जातीच्या आहेत, असं मायक्रोसॉफ्टनं 2019 मध्ये सांगितलं. रस्टचा कंपायलर यातल्या बऱ्याच चुका प्रोग्रॅम चालण्याआधीच अडवतो. 15 मे 2015 ला 1.0 आवृत्ती आली आणि तेव्हापासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या 6.1 आवृत्तीत रस्टला जागा मिळाली.

मोठे बदल आरएफसी नावाच्या लेखी प्रस्तावातून होतात. प्रस्ताव कुणीही मांडू शकतो. त्यावर चर्चा होते, संबंधित टीम कौल देते आणि शेवटी दहा दिवसांची मुदत असते, त्यात राहिलेल्या हरकती मांडायच्या. असिंक-अवेटचं उदाहरण पाहा. 'अवेट' हा शब्द पदाच्या आधी लिहायचा की टिंब देऊन मागं, यावर 2019 मध्ये शेकडो प्रतिक्रिया आल्या. दोन्ही बाजूंनी दमदार कारणं दिली गेली, टीमनं टिंबाच्या बाजूनं निर्णय घेतला आणि नोव्हेंबर 2019 च्या 1.39 आवृत्तीत तो सगळ्यांच्या हाती आला. हरलेल्या बाजूचे बहुतेक लोक आजही तेच टिंब लिहितात. अशी एक जुनी चर्चा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. मत कसं मांडायचं आणि ते मान्य झालं नाही तर पुढं काम कसं चालू ठेवायचं, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही कोर्समधून कळणार नाही.

आता आपल्याकडचा माणूस. मनीष गोरेगावकर हे नाव रस्टमध्ये काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना ठाऊक आहे. आयआयटी मुंबईत शिकत असताना ते सर्व्हो या रस्टमधल्या ब्राउझर इंजिनावर काम करायला लागले. 2014 च्या अखेरीला त्यांनी क्लिपी सुरू केलं. तुमचा कोड कंपाइल होतो, चालतो, पण अमुक ठिकाणी तो विनाकारण लांब आहे किंवा तमुक ओळीत घात होऊ शकतो, असं सांगणारं हे साधन. अशा प्रत्येक तपासणीला लिंट म्हणतात आणि क्लिपीत आज सातशेहून जास्त लिंट आहेत. पुढं ते मोझिलात, मग गूगलमध्ये गेले, रस्टच्या कोअर टीमवर होते. मुद्दा त्यांच्या हुशारीचा नाही. विद्यार्थी असताना, मुंबईत बसून, दूरच्या लोकांनी तपासलेल्या छोट्या छोट्या कामांतून हे झालं, हा मुद्दा आहे. आणि क्लिपी सगळ्यांचं झालं, कारण त्यांनी दुसऱ्यांचा कोड तपासला आणि स्वीकारला.

पहिलं काम म्हणून मी क्लिपीच सुचवतो. रस्टचा मूळ कंपायलर घरी बांधायचा तर डिस्कवर 30 जीबी मोकळी जागा आणि किमान 8 जीबी रॅम हवी, आणि साध्या लॅपटॉपवर पहिल्या बांधणीतच अख्खी संध्याकाळ जाते. क्लिपीला कंपायलर बांधावा लागत नाही, रस्टअप हवी ती नाइटली आवृत्ती स्वतःच उतरवून घेतो. ते डाउनलोड मोठं असतं, तेव्हा कॉलेजच्या वायफायवर उरकून घ्या. रस्टचं अधिकृत पुस्तक रस्टबरोबरच मशीनवर येतं, 'रस्टअप डॉक' म्हटलं की नेटशिवाय उघडतं. माण-खटावकडं किंवा जतला, रेंज नसलेल्या घरी सुट्टीत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. लॅपटॉपच नसेल तर रस्टचं प्लेग्राउंड मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडतं आणि त्यात क्लिपी चालवायची सोय आहे. एखादी तक्रार खरी की खोटी हे तपासायला तेवढं पुरतं.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते जवळून पाहू. गिटहबवर क्लिपीच्या इश्यूंमध्ये 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेले निवडा. समजा, एकानं लिहिलंय की अमुक लिंट चांगल्या कोडलाही नावं ठेवतं. आधी ते स्वतः चालवून बघा. मग इश्यूखाली '@रस्टबॉट क्लेम' एवढंच लिहा, ते काम तुमच्या नावावर लागतं. 'मी हे करू का?' विचारून उत्तराची वाट बघत बसायची गरज नाही. क्लिपीच्या टेस्ट यूआय नावाच्या फोल्डरमध्ये असतात: एका फाइलमध्ये नमुन्याचा कोड, शेजारच्या फाइलमध्ये त्यावर क्लिपीनं काय बोलायला हवं ते. लिंटला हात लावण्याआधी, चुकीची तक्रार होते तो नमुना टेस्टमध्ये घाला आणि टेस्ट पडते याची खात्री करा. मग दुरुस्ती. मग 'कार्गो यूआयब्लेस' चालवून अपेक्षित उत्तर नव्यानं लिहून घ्या आणि ते ओळ न ओळ वाचा. बरेच जण हे वाचत नाहीत आणि तिथंच फसतात. ब्लेस म्हणजे मशीननं जे छापलं ते बरोबर धरलं, इतकंच. ते खरोखर बरोबर आहे का हे बघण्याची जबाबदारी तुमची.

पुल रिक्वेस्टच्या वर्णनात 'चेंजलॉग' या शब्दानं सुरू होणारी एक ओळ लागते, ती विसरू नका. फाटे फुटले तर मर्ज कमिट घालू नका, रिबेस करा. रस्टच्या रिपॉझिटरीत मर्ज कमिट चालत नाही आणि बॉट लगेच टोकतो. तपासणारा माणूस बॉटच नेमून देतो. त्यानं बदल सुचवले की पुल रिक्वेस्टवर 'लेखकाची वाट पाहतोय' अशा अर्थाचं लेबल लागतं. सुधारणा केल्यावर '@रस्टबॉट रेडी' लिहा, म्हणजे चेंडू परत तपासणाऱ्याकडं जातो. हे न लिहिल्यामुळं कित्येक चांगली कामं आठवडेच्या आठवडे पडून राहतात. लेखक म्हणतो ते बघत नाहीत, आणि ते समजतात लेखकाचं अजून झालेलं नाही. दोन आठवडे काहीच हालचाल झाली नाही तर एका वाक्यात नम्रपणे आठवण करायला हरकत नाही. रोज करू नये.

आता भाषेविषयी. मराठी माध्यमातून आलेल्यांना सगळ्यात जास्त धास्ती इंग्रजीची असते आणि ती बरीचशी अनाठायी आहे. तपासणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची मातृभाषा जर्मन, जपानी, पोर्तुगीज अशी असते. त्यांना छान इंग्रजी नको असतं, सुटी सुटी वाक्यं हवी असतात. काय होतंय, काय व्हायला हवं, कुठली आवृत्ती, कुठला सर्वांत लहान कोड दिला की ते दिसतं. बस. आपल्या अर्जाच्या सवयी मात्र घरी ठेवून जा. 'रिस्पेक्टेड सर', 'काइंडली डू द नीडफुल' हे तिथं चालत नाही. समोरचा सर नसेलही, ती बाई असेल, आणि तिला तिच्या नावानं हाक मारलेली आवडेल. वयानं मोठ्या माणसाला एकेरी नावानं हाक मारणं आपल्याला जड जातं, हे मला कळतं. पण तिथला आदर वेगळ्या ठिकाणी दिसतो: त्यांनी लिहिलेलं पूर्ण वाचलं का, विचारलेल्या चार प्रश्नांपैकी चारही प्रश्नांना उत्तर दिलं का, आधी कुणी हेच विचारलंय का हे शोधलं का. आणि 'हे इथं वेगळं का केलं?' असं कुणी विचारलं तर तो खरोखरचा प्रश्न असतो. आपल्याकडं असा प्रश्न म्हणजे बोलणी बसली असं वाटून मुलं लगेच 'सॉरी, बदलतो' म्हणतात. तसं करू नका. कारण असेल तर सांगा. पटलं नाही तर पटलं नाही म्हणा. वाईला मराठी विश्वकोशाच्या नोंदी अशाच समीक्षेच्या शिस्तीतून गेल्या. लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही.

वेळेचंही गणित आहे. उन्हाळ्यात बर्लिन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं, कॅलिफोर्निया साडेबारा तास. म्हणजे युरोपातल्या माणसाशी आपल्या दुपारी-संध्याकाळी गाठ पडते, आणि अमेरिकेतल्याचं उत्तर सकाळी चहाच्या वेळी आलेलं असतं. एका प्रश्नाला एक दिवस जातो हे धरूनच लिहा. 'हॅलो' पाठवून थांबू नका, पहिल्याच निरोपात सगळं सांगा. रात्री जागण्याची गरज नाही. परीक्षा आली असेल तर तसं लिहून इश्यू सोडून द्या, कुणी वाईट मानत नाही. न सांगता गायब होणं मात्र टाळा, कारण ते काम तुमच्या नावावर अडकून पडतं.

एक गोष्ट थोड्या तळमळीनं लिहितो. ऑक्टोबर 2020 मध्ये, हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात पुल रिक्वेस्ट पाठवून मिळणाऱ्या टी-शर्टसाठी, हजारो निरर्थक पुल रिक्वेस्ट जगभरच्या प्रकल्पांवर पडल्या. रीडमी फाइलमध्ये कुठं एखादं विशेषण घाल, कुठं स्वल्पविराम हलव. त्यातल्या खूपशा भारतातून, 'हे असं करा' म्हणून दाखवणारे व्हिडिओ बघून केलेल्या होत्या. आयोजकांना महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलावे लागले. ज्यांचे तास त्यात गेले ते बहुतेक विनामोबदला काम करणारे लोक होते, आणि त्यानंतर प्रामाणिकपणे आलेल्या भारतीय विद्यार्थ्याकडंही काही काळ संशयानं पाहिलं गेलं. आता तोच प्रकार एआयकडून लिहून घेतलेल्या कोडमुळं होतोय. कर्ल हे साधन सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यांनी अशा बनावट त्रुटी-अहवालांबद्दल जाहीर तक्रार केली आहे. तुमचा कोड समजून घ्यायला एआय वापरा, अनोळखी फाइल उलगडायला वापरा. पण जी ओळ तुम्हाला स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता येत नाही ती पुल रिक्वेस्टमध्ये घालू नका. तपासणाऱ्याच्या प्रश्नाला एआयचं उत्तर चिकटवणं तर फारच वाईट. तुम्ही एका मिनिटात टाकलेला मजकूर वाचायला त्याला अर्धा तास लागतो.

आपल्याला खरोखर वरचढ ठरवणारी एक जागा आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे जण करतात. ती म्हणजे आपली लिपी. रस्टमध्ये 'सांगली' या शब्दाची लांबी विचारा. 'लेन' म्हणतं 18, कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'चार्स' मोजले तर 6: स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. वाचणाऱ्याला दिसतात तीन अक्षरं. 'सातारा'चे पहिले चार बाइट कापायला सांगितलं तर प्रोग्रॅम तिथंच थांबतो आणि स्पष्ट सांगतो की चौथा बाइट कान्याच्या पोटात आहे. अक्षर कुठं संपतं याचे नियम युनिकोड ठरवतं. सप्टेंबर 2023 च्या 15.1 आवृत्तीपर्यंत हे नियम जोडाक्षर फोडत होते. 'महाराष्ट्र'मधलं ष्ट्र तीन तुकड्यांत मोजलं जायचं, ते आता एक धरलं जातं. रस्टमध्ये हे काम युनिकोड-सेगमेंटेशन नावाचं क्रेट करतं आणि ते सांभाळणाऱ्यांतही गोरेगावकर आहेत.

पण शेकडो छोटी साधनं अजून बाइट मोजून मजकूर कापतात, तक्त्याचे रकाने देवनागरीत वाकडे करतात, शोधताना 'ऱ्य' आणि 'र्य' यांत गोंधळतात. न्यूयॉर्कमधल्या माणसाला हे दिसत नाही. तुम्हाला एका नजरेत दिसतं. टर्मिनलमध्ये चालणारी रस्टची चार साधनं घ्या, त्यांना गावांच्या नावांची यादी द्या: कऱ्हाड, म्हसवड, विट्याजवळचं भाळवणी, कवठेमहांकाळ. कुठं फाटतं ते टिपा. अपेक्षित काय आणि मिळालं काय याचा स्क्रीनशॉट, तीन ओळींचा कोड आणि लिपीचा नियम दोन वाक्यांत, एवढ्यावर उत्तम इश्यू होतो. अशा इश्यूचं स्वागतच होतं, कारण सांभाळणाऱ्याला स्वतःला ती माहिती मिळवता आली नसती.

एकट्यानं हे सगळं करणं अवघड जातं. सांगलीत वालचंदच्या विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, विद्यार्थीच चालवतात. तुमच्या कॉलेजात असं काही नसेल तर पाच जण पुरेत. व्याख्यानं ठेवू नका, उद्घाटन नको, शाल-श्रीफळ तर नकोच. आठवड्यातून एकदा दोन तास बसून एकच मर्ज झालेली पुल रिक्वेस्ट मोठ्यानं वाचा: काय बदललं, तपासणाऱ्यानं काय विचारलं, पुढं काय झालं. मग एकमेकांचा कोड तसाच तपासा. पुण्यातल्या सभांना अधूनमधून जरूर जा, सकाळची एसटी पकडून रात्री परत येता येतं. पण तिथल्या संध्याकाळच्या कार्यक्रमांना हॉस्टेलवरच्या मुलींना थांबता येत नाही, म्हणून स्वतःचा गट दिवसा आणि कॉलेजच्या आवारात भरवा. नाहीतर निम्मे लोक आपोआप गळतात.

पैशाचं सरळ सांगतो. या कामाला बहुतांश वेळा मोबदला नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या जावा, पायथन, टेस्टिंग विचारतात. रस्टच्या नोकऱ्या आहेत, पण कमी, आणि बऱ्याचशा अनुभव मागतात. घरी कर्ज असेल तर कॅम्पसची तयारी सोडून याच्या मागं लागू नका, दोन्ही थोडं थोडं चालू ठेवा. मोठ्या कंपनीचा आधारही कायमचा नसतो: ऑगस्ट 2020 मध्ये मोझिलानं सुमारे 250 लोक कमी केले, त्यांत सर्व्हो आणि रस्टवर काम करणारेही होते. त्यानंतर फेब्रुवारी 2021 मध्ये रस्ट फाउंडेशन उभं राहिलं. समुदायात भांडणंही झाली आहेत. 2021 मध्ये मॉडरेशन टीमनं एकत्र राजीनामा दिला होता. नवख्यानं त्यात पडू नये.

मोबदल्याच्या दोन वाटा माहीत असू द्या. गूगल समर ऑफ कोडमध्ये रस्ट प्रकल्प 2024 पासून आहे. अठरा वर्षं पूर्ण हवीत, प्रस्ताव वसंतात जातात, आणि निवडताना प्रस्तावापेक्षा आधी केलेलं काम जास्त बघितलं जातं. म्हणून दिवाळीपासून लागा, मार्चमध्ये नव्हे. दुसरी वाट आउटरीची. 2006 मध्ये ग्नोमनं मुलींसाठी सुरू केलेल्या उपक्रमातून ती वाढली. ज्यांना या क्षेत्रात कमी संधी मिळते त्यांच्यासाठी आहे, तीन महिने घरून काम आणि 7000 डॉलर मानधन. दोन्हीकडं अर्ज फुकट असतो. पैसे घेऊन निवड करून देतो म्हणणारा भेटला तर तिथून निघा.

दोन-तीन पुल रिक्वेस्ट मर्ज झाल्या की लगेच चौथीच्या मागं लागू नका. जुने उघडे इश्यू बघा. कित्येक इश्यू तीन-चार वर्षांपूर्वीचे असतात आणि ती अडचण आज उरली आहे का हे कुणालाच माहीत नसतं. आजच्या नाइटलीवर चालवून बघा आणि निकाल लिहा: अजून होतं, अमुक कोड, अमुक संदेश. किंवा: आता होत नाही, बंद करता येईल. नव्यानं आलेला एखादा चेंजलॉगची ओळ विसरला असेल तर त्याला सांगा, मर्ज कमिट घातलं असेल तर रिबेस कसं करायचं ते दाखवा. यासाठी कुठला अधिकार लागत नाही, गिटहबचं साधं खातं पुरतं.